कंसातलं मनात वाच

मांडवी, रत्नागिरी
मंगळवार, नवरात्राची पाचवी माळ

(अक्का, सगळ्यात आधी हा कंस वाच, आणि मनात वाच. भावोजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे आणि घरी आलेला प्रत्येक कागद तूच त्यांना वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र मी दोन थरांत लिहिलंय. कंसाबाहेरचं खणखणीत वाच. कंस आला की खोकल्यासारखं कर, पदरानं तोंड पूस, काय वाटेल ते कर, पण आतलं तोंडातून बाहेर पडता कामा नये. कंसातलं तुझं आणि माझं. समजलं असेल तर घसा साफ करून सुरू कर.)

तीर्थस्वरूप भावोजी आणि सौ. अक्का यांस, धाकट्या लवूचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (एकच टेकला. डावा रविवारपासून वाकत नाही.) इकडे मी, गंगा आणि आमच्याकडे राहून इस्पितळात एक्स-रे काढणारी तुमची कन्या ऋतिका, असे तिघंही खुशाल आहोत. भावोजींच्या डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडत असतीलच, कारण घरात अक्का आहे. दशभुज गणपतीला आमचाही नमस्कार सांगावा आणि दृष्टी पूर्वीसारखी तीक्ष्ण होऊ दे म्हणावं. (फार घाई नाही म्हणावं.) नवरात्रामुळे आमच्या घरी मासळी बंद आहे. मांडवीत राहून समोर समुद्र दिसत असताना नऊ दिवस भोपळ्याची भाजी खाणाऱ्या माणसाच्या संयमावर कुणी शंका घेऊ नये, एवढंच सुरुवातीला नोंदवून ठेवतो.

फोन करायचा सोडून पत्र का, असं भावोजी विचारतील. त्याचं असं आहे की फोन केला की भावोजी तो स्पीकरवर टाकतात आणि तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतात. तीस वर्षं तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला ते शोभतं, पण काही मुद्दे असे असतात की त्यांच्यापर्यंत चालत जावं लागतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आमचा शेजारी अस्लम आज टेम्पो घेऊन जयगडच्या फेरीबोटीनं तुमच्या बाजूला येणार आहे, त्याच्या हाती हे पाठवतो. तो दुपारी निघणार, म्हणजे मला तीन तास आहेत आणि ते मी पूर्ण वापरणार आहे.

भावोजी, गणपतीत तुम्ही मला आरतीनंतर बाजूला घेऊन एक कामगिरी सोपवली होती, तिची आठवण करून देतो. तुमचं म्हणणं असं की ऋतिका ज्या संदेशशी लग्न करीन म्हणून बसली आहे, त्यानं बंदरावरची क्रेन चालवायची कायम नोकरी स्वतःहून सोडली आणि आता तो लोकांना रानातून धबधब्यापर्यंत चालवत नेतो, ज्याला तुम्ही 'गुरं वळायचा धंदा, फक्त गुरं मुंबईची' असं नाव दिलंत. कायम नोकरी सोडणारा उद्या काय काय सोडेल, हा तुमचा प्रश्न. मी एक दिवस त्याच्याबरोबर काढावा, त्याला नीट पारखावं, आणि मी 'नाही' म्हणालो तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, असं तुम्ही अक्कासमोर आणि गणपतीसमोर बोललात. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेल्या, त्यातली अकरा जहाजावरच्या खलाशांचा सारंग म्हणून माणसं पारखण्यात घालवलेल्या मेहुण्यावर तुम्ही हा विश्वास टाकलात, हे योग्यच झालं. (मी 'नाही'च म्हणेन अशी त्यांची खात्री होती म्हणून निवडलं, एवढं मलाही कळतं. ऋतिकालाही कळतं. पोरगी तीन आठवडे माझ्याशी नेहमीसारखीच बोलते आहे, पण जेवताना ताटातलं नुसतं चिवडते, आणि फोन वाजला की अंगणात जाते. अक्का, तू तिची आई, तुला वेगळं काय सांगू.)

आता रविवारचा वृत्तान्त. पहाटे पाच वाजता ठरलं होतं आणि पाच वाजता संदेशची जीप दारात उभी होती. वक्तशीरपणाचे गुण भावोजींनी मनात धरावेत. मी तयारच होतो. (मी घोरत होतो. त्यानं हॉर्न वाजवला नाही, शेजारच्या मरियमचाचींची झोप मोडते म्हणून. ओटीवर बसून राहिला पंचवीस मिनिटं. गंगानं चहा दिला तो प्याला आणि कप स्वतः विसळून ठेवला. मी उठून आलो तेव्हा 'उशीर झाला' हे त्याच्या तोंडात नाही की तोंडावर नाही. आणि हो, ऋतिकाही बरोबर आली होती. मामाचं हाड मोडलं तर जवळ जाणतं कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. हे बाहेर फुटू देऊ नकोस.)

पायांत मी माझे जहाजावरचे बूट घातले होते. पुढे पोलादी टोपी असलेले, पायावर लोखंड पडलं तर लोखंड वाकेल असे. शेवटच्या बोटीवरून उतरल्यापासून सात वर्षं ते माळ्यावर जपून ठेवले होते. संदेशनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या पिशवीत एक जोडी जास्तीची आहे असं हळूच सुचवलं, पण ज्या बुटांनी अटलांटिक पाहिला त्यांना सह्याद्री म्हणजे काय! मी नको म्हटलं. त्यानं आग्रह केला नाही, नुसती पिशवीत एक दोरी जास्तीची टाकली. त्या दोरीचा उल्लेख पुढे येईल.

संगमेश्वराच्या पलीकडे, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला खैरकोंड नावाची वाडी आहे, तिथून चालायला सुरुवात. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, त्यातले अर्धे उभे. बरोबर मुंबईहून आलेली संगणकवाली चार मुलं होती, अंगावर नवे कपडे, पाठीवर नळी लावलेल्या पाण्याच्या पिशव्या. चढ लागल्याबरोबर ती धापा टाकू लागली. (आम्ही धापा टाकू लागलो.) त्यांचा धीर सुटू नये म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्या रेडवूडच्या रानाची गोष्ट सांगत चाललो होतो. आमची बोट तिकडच्या पश्चिम किनाऱ्याला लागली होती तेव्हाची गोष्ट. तिथली लाल लाकडाची झाडं एवढी उंच, की शेंड्याकडे पाहताना डोक्यावरची टोपी मागे पडते. बुंधा एवढा जाड, की त्याला भोक पाडून त्यातून मोटार नेतात. अशा रानातून मी धबधब्यापर्यंत दिवसभर चाललो होतो आणि संध्याकाळी बोटीवर परत येऊन पुन्हा कामाला उभा राहिलो होतो, असं मी त्यांना सांगितलं. मुलं भारावून गेली. (अक्का, बोट लागली होती हे खरं. पण बंदरात दोन दिवस होतो आणि मला उतरायची परवानगी मिळाली नाही. ती झाडं मी जेवणघरातल्या कॅलेंडरवर पाहिली, ऑगस्टच्या पानावर. ते पान सप्टेंबरातही कुणी उलटलं नव्हतं, म्हणून मला पाठ झालं. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि आता मलाही तो धबधबा आठवतो. संदेशनं मध्येच भाबडेपणानं विचारलं, मामा, त्या झाडाची साल हाताला कशी लागते? मी म्हटलं, गार. तो म्हणाला, असेल. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. त्यानं पुढं विचारलं नाही, हे मात्र मी लक्षात ठेवलंय.)

वाटेत जळवा होत्या. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या माणसाला जळू लागत नाही, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. (सात निघाल्या. त्यातली एक कुठं होती ते लिहिता येत नाही.)

तासाभरानं राई लागली. देवाच्या नावानं राखलेलं रान तुमच्याकडेही आहे, भावोजी, पण हे पाहण्यासारखं आहे. बाहेर लख्ख ऊन आणि दोन पावलं आत गेलं की सावली अशी की घाम जागच्या जागी थांबतो. राईच्या तोंडाशी धाकू गुरव नारळ आणि विडा घेऊन उभा होता. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर बंडी, खांद्यावर पंचा. संदेश माणसं आणतो ती राईच्या राखणदार देवाला सांगितल्याशिवाय आत नेत नाही. गाऱ्हाणं झाल्याशिवाय मुंबईचा असो की दिल्लीचा, कुणाचा पाय आत पडत नाही. धाकू गुरवानं गाऱ्हाणं घातलं, राईचे नियम सांगितले, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. (आवाज माझा होता, पण कान नव्हते. मी त्या वेळी मागच्या बाजूला एका मुलाला बुटाच्या नाडीची सारंगगाठ शिकवत होतो. लोक थांबले की मी "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. काय कबूल केलं ते मला सोमवारी दुपारी कळलं.)

राईत शिरल्यावर मी थोडा पुढे निघालो. वाट पाहून ठेवावी हा माझा जुना स्वभाव आहे. जमीन भुसभुशीत होती, म्हणून खाली पडलेली एक सरळ, सुकी काठी टेकायला घेतली आणि राईची सर्व बाजूंनी पाहणी केली. या पाहणीला दीड तास लागला. एका मोठ्या खडकाजवळून मी तीन वेगवेगळ्या वेळी गेलो, म्हणजे पाहणी किती बारकाईनं झाली ते लक्षात येईल. (अक्का, मी हरवलो होतो. सूर्यावरून दिशा काढतो म्हणून ऐटीत पुढे गेलो, आणि राईत सूर्यच नाही. त्या खडकापाशी तिसऱ्यांदा आलो तेव्हा आबा सांगायचे तो चकवा आठवला. चकवा सुटावा म्हणून सदरा काढून उलटा घातला. तरी खडक तोच. मग बसलो. समुद्रात वादळात सापडलोय, दोनदा, पण तिथं बाजूला वीस माणसं होती. इथं मी एकटा, आणि पानांचा आवाजसुद्धा नाही. बासष्ट वर्षांचा माणूस उलटा सदरा घालून खडकावर बसलाय आणि मनात येतंय की गंगाला आपण सकाळी 'येतो' म्हटलं का नाही. नव्हतं म्हटलं.)

याच सुमारास माझ्या बुटांनी थोडा असहकार सुरू केला होता. (सात वर्षांत तळवे आतल्या आत कुजले होते. चालताना रबराचे तुकडे खरवसासारखे तुटून पडत होते आणि मला पत्ता नव्हता. संदेश त्या तुकड्यांच्या मागानं माझ्यापर्यंत आला. "मामा" अशी हाक ऐकू आली आणि तो झाडांतून बाहेर पडला. सदरा उलटा का घातलाय, हे त्यानं विचारलं नाही. पाण्याची बाटली दिली, आणि खिशातून मूठभर रबर काढून दाखवलं, म्हणाला, हे सगळं वेचून आणलंय, राईत आपलं काही राहू द्यायचं नाही. एकोणीस तुकडे होते. मग गुडघ्यावर बसून त्यानं उरलेला तळवा त्या जास्तीच्या दोरीनं माझ्या पायाला बांधला. मी म्हटलं, गाठ मी मारतो, सारंग मी आहे. ती गाठ एवढी पक्की बसली की संध्याकाळी गंगानं विळीवर दोरी कापून माझा पाय सोडवला.

आणि मग त्यानं मला सातविणीचं एक जुनं झाड दाखवलं. रबराच्या मागानं येताना तो तिच्या बाजूनंच आला होता, बाकीच्यांना तिथंच थांबवून. आम्ही सहा जणांनी, मुंबईची मुलं, ऋतिका आणि मी, हाताला हात धरून तिला मिठी मारली, तरी सातव्याची जागा राहिली. संदेश म्हणाला, मामांनी तिकडची पाहिली आहेत, आपली ही एवढीच. अक्का, मी त्या झाडाला गाल लावून उभा होतो आणि मला लाज वाटली. अख्ख्या जगाला फेरी मारून आलो म्हणून मिरवतो आणि घरापासून दोन तासांवरचं हे झाड मी कधी पाहिलं नव्हतं. साल गारच लागते, बरं का.) हा कंस कुठं उघडला होता ते आता मला सापडत नाही, भावोजींना वरचं काही ऐकू गेलं असेल तर तो माझ्या तब्येतीचा परिणाम समजावा.

धबधबा तीन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यावर चारही मुंबईकर बसले, दुसऱ्यावर मी त्यांना धीर दिला, आणि तिसऱ्याच्या खाली पोचून मी प्रवाहात बसलो. (पाय घसरला.) खैरकोंडच्या सखूआत्यानं, म्हणजे संदेशच्या वडिलांच्या बहिणीनं, करून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची उसळ आणि कैरीचं लोणचं आम्ही पळसाच्या पानावर खाल्लं. भावोजी, त्या पाण्याच्या आवाजात माणसाला बोलता येत नाही, हा त्या जागेचा सर्वांत मोठा गुण आहे. मी पाऊण तास गप्प होतो. गंगाला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. वरून पाणी पडतंय, खाली डोहात हिरवी सावली हलतेय, आणि मला एकाएकी फार बरं वाटलं. हे कंसाबाहेर लिहितोय, कारण ते खरं आहे आणि भावोजींनीही ऐकावं. (तेवढ्यात माझ्या पोटऱ्या आखडल्या. संदेश त्या चोळत बसला. ऋतिका पलीकडच्या दगडावर आणि हा इकडे माझ्या पायाशी. दिवसभरात तो तिच्याजवळ बसला नाही. मुंबईच्या चौघांना पत्ताही लागला नाही की या दोघांचं काही आहे. फक्त भाकरी वाढताना त्यानं लोणच्यातली एक फोड तिच्या पानावर जास्त ठेवली. तेवढंच.)

उतरताना मी सर्वांत आधी खाली पोचलो. (त्याच्या पाठीवर. शेवटचा सगळा उतार. माझं वजन तुला माहीत आहे. मी म्हटलं, मी जरा बसतो आणि मग येतो. तो म्हणाला, मामा, बंदरात यापेक्षा मोठे डबे उचलत होतो. मी म्हटलं, ते क्रेननं. तो म्हणाला, तेच तर, तिथं काय उचलतोय ते कळायचंच नाही. बाकी नोकरी का सोडली, याचं उत्तर मी मागितलं नाही आणि त्यानंही दिलं नाही.) घरी दिवेलागणीला पोचलो. स्वतःच्या पायांनी, काठी टेकत, ताठ मानेनं ओटी चढलो.

आणि इथं भावोजी, खरा मुद्दा येतो. ती काठी. राईतलं काही तोडायचं नाही, उचलायचं नाही आणि बाहेर न्यायचं नाही, पडलेली सुकी काडीसुद्धा नाही, असा तिथला कडक नियम आहे, आणि माझ्या हातून तो नकळत मोडला गेला. काठी आमच्या ओटीच्या कोपऱ्यात उभी आहे. सोमवारी सकाळी गंगाचा मिक्सर जळला, दुपारी ओटीवरची नवी सतरंजी गाईनं खाल्ली. आता यावर कुणी हसेल, पण तुम्ही हसणार नाही. धाकू गुरवाला फोन केला. त्याचं म्हणणं स्पष्ट आहे, काठी नारळासकट परत गेली पाहिजे, आणि ज्या हातानं नेली त्या हाताला जमत नसेल तर घरच्या वडीलधाऱ्यानं ती नेऊन ठेवली पाहिजे. आबा जाऊन बारा वर्षं झाली. थोरला भाऊ मला नाही. घरचे थोरले जावई म्हणून ते काम तुमच्याकडे येतं. मी स्वतः गेलो असतो, पण मला नेमका वेळ नाही. (गुडघा.) तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांना परवानगी दिली की दिवाळीच्या आत एकदा यावं, संदेश तुम्हाला राईपर्यंत सांभाळून नेईल. मुलाबद्दलचा माझा निर्णय मी राखून ठेवतो. सारंगानं पाहिलेलं सांगायचं असतं, जहाज कुठं न्यायचं ते कप्तान ठरवतो. मी पाहिलं, आता तुम्ही पाहा.

गंगाचा तुम्हा दोघांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा, ठणठणीत,
लवू

ता. क. १. (अक्का, हा अख्खा ता. क. कंसात आहे, इथं हवा तेवढा खोकला काढ. कोपऱ्यातली काठी राईतली नाही. सोमवारी सकाळी सात वाजता संदेश खैरकोंडहून मोटरसायकलवर एवढ्या लांब आला. गुडघा कसा आहे विचारलं, चहा घेतला, आणि निघताना म्हणाला, मामा, ही काठी मी नेऊ का? मला वाटलं, आठवण म्हणून मागतोय. मी मोठ्या मनानं दिली. वर चार शब्द उपदेशही केला की आपल्या माणसाची वस्तू जपून ठेवावी. तो हो म्हणाला आणि गेला. दुपारी धाकू गुरवाचा फोन आला तेव्हा मला सगळं कळलं. पोरगा तिथून तसाच सरळ राईत गेला होता. नारळ ठेवला आणि गुरवाला म्हणाला, गाऱ्हाणं घाला, आमच्या मामांच्या हातून चूक झाली, पदरात घ्या. अक्का, 'आमच्या मामांच्या' म्हणाला. ऋतिकाच्या मामांच्या नाही, पाहुण्यांच्या नाही. तिथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, त्याला वाटलं होतं मला हे कधी कळणारही नाही. मला चूक दाखवून लाजवायचं नव्हतं म्हणून त्यानं काठी मागून नेली. मी फोन ठेवला आणि ओटीवर बसून राहिलो. गंगानं विचारलं, रडताव कशाला? मी म्हटलं, मिक्सर जळला म्हणून. तेव्हाच ठरवलं की आपली पोरगी त्याच्या घरात गेलीच पाहिजे. पण मी कितीही 'हो' म्हटलं तरी भावोजी माझ्या एकट्याच्या शब्दावर मानणार नाहीत, त्यांना प्रत्यक्ष पाहणी लागते. म्हणून परसातल्या पेरूची एक सरळ फांदी तोडून कोपऱ्यात ठेवली आहे. देवाशी खोटेपणा नको म्हणून धाकू गुरवाला फोन करून तेही सांगून टाकलं. तो म्हणाला, "काठी येक जास्ती आली म्हनून देव काय रागवनार नाय. पन नारल मोठा आना.")

ता. क. २. भावोजी, येताना बूट नवे घ्या. जुने कितीही चांगले दिसले तरी त्यांच्यावर जाऊ नका.

ता. क. ३. पत्र घडी घालून पाकिटात टाकत होतो तेवढ्यात ऋतिका इस्पितळातून आली. ती सांगते की सकाळीच तिचं अक्काशी बोलणं झालं, भावोजींना शनिवारी नवा चष्मा मिळाला, आता पंचांगातली बारीक अक्षरंसुद्धा दिसतात, आणि खुशीत येऊन घरी आलेला प्रत्येक कागद ते स्वतः फोडून स्वतःच वाचतायत, अक्काला हातही लावू देत नाहीत.

अस्लम दारात हॉर्न वाजवतोय. त्याची फेरीबोट चुकेल. पत्र चौदा पानांचं झालंय, ते आता पुन्हा लिहिणं होणार नाही, आणि चौदा पानांतले कंस खोडत बसलो तर खाली काय होतं ते तुम्ही दिव्याला धरून वाचाल, तुमची तहसील कचेरीतली सवय मला माहीत आहे.

तर भावोजी, हे सगळं तुम्ही वाचलंत. आता कंसाशिवाय लिहितो. मी हरवलो होतो आणि घाबरलो होतो. रेडवूड मी पाहिलेलं नाही. कोपऱ्यात पेरूची काठी आहे. पोरगा चांगला आहे, तुम्ही आम्हाला ज्यात नापास करता त्या सगळ्यांत तो पास आहे, आणि तुमची मुलगी नीट जेवत नाही. तरीही या. दसरा झाला की येणाऱ्या शनिवारी संध्याकाळच्या फेरीबोटीनं या, अक्कालाही आणा, मोठा नारळ मी आणून ठेवतो. रविवारी पहाटे पाचला जीप आमच्या दारात येईल. तो हॉर्न वाजवत नाही, नुसता ओटीवर बसून राहतो. त्याला फार वेळ बसवून ठेवू नका, भावोजी.